गळ्यात घालायची शिडी

माझी आत्या राज्याच्या शिक्षण मंडळात मुद्रितशोधक होती. मंडळाकडून सरकारी शाळांना जे जे कागद जायचे, म्हणजे परिपत्रकं, सूचना, आणि आधीच्या सूचना कशा वाचाव्यात याच्या सूचना, ते छापखान्यात जाण्याआधी तिच्या टेबलावर यायचे. त्यातल्या पहिल्या वेलांटीपासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सगळं जागच्या जागी आहे ना, एवढंच तिने बघायचं. सव्वीस वर्षं तिने हे काम डोळ्यांत तेल घालून केलं.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, जुन्या नकाशांची खोली आणि जिना यांच्यामध्ये. खिडकी पूर्ण बंद व्हायची नाही, म्हणून टेबलावरच्या प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही वजन ठेवलेलं असायचं: दगड, कुलूप, एकदा तर तिचा स्वतःचा डबा. ड्रॉवरमध्ये एक जाड वही होती आणि तिच्यात तिने पकडलेल्या चुका तारीखवार लिहिलेल्या होत्या. 'मुलांची उंची दरवर्षी मोजावी' हे वाक्य टंकलेखकाच्या हातून 'मुलांची उंची दरवर्षी मोडावी' असं आलं होतं, ते तिने अडवलं. 'पालकांना आदराने वागवावे' याचं 'पालकांना आदराने वाकवावे' झालं होतं, तेही अडवलं. ती नसती तर राज्यातली मुलं बुटकी आणि आईबाप वाकलेले राहिले असते, असं आतोबा म्हणायचे. आतोबा म्हणजे तिचे यजमान. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि बोलायचे कमी.

त्यांचं लग्नही या कामातूनच जमलं. लग्नाआधी आतोबांनी तिला एक पत्र लिहिलं होतं. आत्याने ते लाल पेनाने तपासून परत पाठवलं. एखादा दुसरा असता तर तिथेच थांबला असता. आतोबांनी चुका सुधारून दुसरं पत्र पाठवलं. चौथ्या पत्रात एकही खूण नव्हती, खाली फक्त 'ठीक' असं लिहिलेलं होतं, आणि तोच होकार समजायचा असं दोन्ही घरांनी ठरवलं.

मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला होते. दूधवाल्यासाठी दारावर चिठ्ठी लावायची तरी मी आधी कच्ची लिहून बघायचे. एकदा आत्याला एकशे दोन ताप होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'दीवसातून दोनदा' असं होतं. तिने पेन मागवलं, दीर्घ वेलांटी ह्रस्व केली आणि मगच गोळी घेतली. हे सगळं आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढे जे झालं ते तिला किती लागलं असेल हे कळायचं नाही.

तिची वाचायची एक पद्धत होती. प्रत्येक कागद ती दोनदा वाचायची, एकदा सरळ आणि एकदा उलटा. उलटा म्हणजे शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. तसं वाचलं की वाक्यात जीव गुंतत नाही, प्रत्येक शब्द सुटा समोर येतो, आणि वेलांटी चुकली असेल तर लगेच दिसते. वेळ कमी असला तर ती फक्त उलटं वाचायची. तिचं म्हणणं असं की अर्थाची जबाबदारी साहेबांची, अक्षरांची आपली.

साहेब म्हणजे मंडळाचे सचिव. माणूस मनाने चांगला, पण त्यांना परिपत्रकं काढायचा नाद होता. सकाळी फिरायला जाताना काही सुचलं की दुपारपर्यंत त्याचं परिपत्रक तयार. शिवाय अक्षर असं, की त्यांची सही तेवढी वाचता यायची, तीही ओळखीची झाली म्हणून.

तर एका सोमवारी साहेबांनी मैदानावरच्या सुरक्षेबद्दल सात पानी परिपत्रक लिहिलं. छापखान्याची गाडी खाली उभी होती. साहेब स्वतः आत्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, दहा मिनिटांत द्या. ड्रायव्हरला जेवायला जायचंय."

आत्याने सातही पानं उलटी वाचली. दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त केला, कोपऱ्यात सही केली आणि कागद दिला. परिपत्रक छापून राज्यातल्या यच्चयावत सरकारी शाळांना गेलं.

पंधरा दिवसांनी तिच्याकडे नेहमीसारखी तपासायला म्हणून काही उत्तरं आली. शाळांनी विचारलेल्या शंकांना साहेबांनी दिलेली उत्तरं. त्या दिवशी घाई नव्हती, म्हणून तिने सरळ वाचायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं: 'आपल्या शंकेबाबत कळविण्यात येते की, गळ्यात घालावयाची शिडी साधारणतः सात पायऱ्यांची असावी.'

आत्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग तिने मूळ परिपत्रक शोधून काढलं आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच छापलेला कागद वाचला, तोही सरळ.

पान तीन, कलम चार. 'प्रत्येक शाळेने क्रीडाशिक्षकास एक शिडी पुरवावी. मैदानावर असताना शिक्षकाने शिडी सतत गळ्यात घालावी. मुलांमध्ये धक्काबुक्की दिसल्यास शिडी जोरात वाजवावी. शिडी रोज स्वच्छ धुवावी. आरोग्याच्या दृष्टीने एकाची शिडी दुसऱ्याने तोंडात घालू नये.'

साहेबांनी लिहिलं होतं शिट्टी. पण ट खाली ट काढला की साहेबांच्या हातून त्याचा ड व्हायचा. टंकलेखकाने जे दिसलं ते उतरवलं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला वाटलं, मंडळाचं काहीतरी नवीन असेल." आणि आत्याने उलटं वाचताना तो शब्द एकटाच बघितला होता. शि ह्रस्व, डी दीर्घ. शब्द शुद्ध होता, आणि तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

तिने शाळांच्या पत्रांची फाईल मागवली. पत्रं शेकड्याने होती. 'चूक झाली आहे का' असं एकानेही विचारलं नव्हतं. सगळ्यांना मार्गदर्शन हवं होतं.

'शिडी लाकडी असावी की लोखंडी, याचा खुलासा व्हावा.'

'आमच्या क्रीडाशिक्षिकांची उंची पाच फुटांपेक्षा कमी आहे. शिडी शिक्षिकेपेक्षा उंच असल्यास चालेल काय?'

'शिडी घातल्यावर सर व्हरांड्यातून वळत नाहीत. तूर्त त्यांना मैदानावरच ठेवले आहे. चहा तिकडे पाठवत आहोत.'

'आमची शिडी वाजत नाही. वाजणारी शिडी कोठे मिळते?'

आणि एका लहानशा शाळेचं दोन ओळींचं पत्र: 'तोंडात घालण्याबाबतचे कलम सर्व शिक्षकांना वाचून दाखवले. तशी कोणाचीही इच्छा नाही.'

आत्या तशीच उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, माझ्या हातून मोठी चूक झालीय. ती शिडी नाही, शिट्टी आहे."

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग परिपत्रक वाचलं. मग मूळ हस्तलिखित मागवून तेही बराच वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"हे शिडीच दिसतंय बाई."

"तुमचं अक्षर आहे साहेब. तुम्हाला काय लिहायचं होतं ते आठवा ना."

"आता पंधरा दिवसांनंतर काय आठवणार. शिडी लिहिलं असेल तर काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल."

"गळ्यात? गळ्यात शिडी कोण घालतं?"

"पंधराशे शाळांनी घातलीय," साहेब म्हणाले. त्यांच्यासमोर अहवाल होता. "आठवड्याभरात एवढी अंमलबजावणी आपल्या कुठल्याच परिपत्रकाची झाली नव्हती. ग्रंथालयाचं परिपत्रक काढून चार वर्षं झाली, शाळा अजून कपाटाची किल्ली शोधतायत."

आत्या म्हणाली, "आपण शुद्धिपत्रक काढू."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. शुद्धिपत्रक काढायचं तर शब्द अशुद्ध असावा लागतो. शिडी हा शब्द शुद्ध होता. शुद्ध शब्द बदलायचा म्हणजे ते शुद्धिपत्रक नव्हे, तो धोरणातला बदल. आणि धोरण बदलायचं तर मंडळाची बैठक हवी, ती तीन आठवड्यांनी.

त्या संध्याकाळी आत्याने चहा घेता घेता आम्हाला सगळं सांगितलं. आतोबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. ते नुसतं हलत होतं. 'दुसऱ्याने तोंडात घालू नये' पर्यंत आत्या आली तेव्हा ते उठून आतल्या खोलीत गेले आणि बरंच खोकले.

"हसा," आत्या बाहेरून म्हणाली. "मोकळेपणाने हसा. सव्वीस वर्षं अब्रू सांभाळली आणि शेवटी शिडीवरून पडले."

त्यानंतर तिने चुका काढणं सोडलं. हे मात्र आम्हाला जड गेलं. मी मुद्दाम दारावर 'दुध दोन लीटर' अशी चिठ्ठी लावली. ती चिठ्ठीजवळून गेली, थबकली आणि तशीच निघून गेली. आतोबांनी तिला उद्देशून एक पत्र लिहिलं आणि त्यात इतक्या चुका केल्या की मला ते वाचताच येईना. तिने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "भावना पोचल्या." लाल पेन पर्समध्येच पडून राहिलं. आतोबा मला हळूच म्हणाले, "हिला बरं नाहीये गं."

बैठकीच्या चार दिवस आधी साहेबांनी ठरवलं की एखाद्या शाळेत जाऊन शिडी प्रत्यक्ष बघावी. बैठकीत कुणी विचारलं तर डोळ्यांनी पाहिलेलं सांगता यावं. आत्यालाही त्यांनी बरोबर घेतलं. पुढची हकिगत आत्याने मला इतक्या वेळा सांगितलीय की मीच तिथे होते असं वाटतं.

शाळा शहराच्या टोकाला होती. एकमजली इमारत, मधे पटांगण, कडेला नळ. हे दोघं फाटकातून आत शिरले तेव्हा पटांगणाच्या कोपऱ्यात दोन मुलं एकमेकांची कॉलर धरून उभी होती आणि बाकीची कडं करून बघत होती. तेवढ्यात कुठूनतरी घंटांचा खणखणाट सुरू झाला. खेळाचे मास्तर येत होते. मास्तर किडकिडीत, पन्नाशीचे, आणि त्यांच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेली चार पायऱ्यांची लाकडी शिडी. प्रत्येक पायरीला दोन-दोन छोट्या घंटा बांधलेल्या. मास्तर पळत होते. शिडी एकदा छातीवर आणि एकदा गुडघ्यावर आपटत होती आणि सगळ्या घंटा वाजत होत्या.

मुलांनी कॉलरी सोडल्या. सगळं पटांगण मास्तरांकडे बघत उभं राहिलं. मास्तर जवळ पोचले तोवर दोघंही भांडणाचं कारण विसरले होते. एकाने तर मास्तरांच्या शिडीची निसटलेली बाजू धरून दिली.

मुख्याध्यापिका, ज्यांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्या लगबगीने आल्या. साहेबांना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब, तुम्ही हे फार छान काढलंत. भांडणं निम्म्यावर आली. शिडी येताना दिसली की मुलांना दुसरं काही सुचतच नाही. आणि शिडी होतीच हाताशी, म्हणून आम्ही छतावर चढून बघितलं. एकोणतीस चेंडू निघाले, सात चपला, आणि आधीच्या मुख्याध्यापकांची छत्री."

"छत्री छतावर कशी गेली?" साहेबांनी विचारलं.

"ते त्यांनी कधी सांगितलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

साहेब मोठ्या बाईंबरोबर छत्री बघायला गेले. आत्या मास्तरांपाशी थांबली. मास्तरांनी शिडी उतरवून नळाखाली धरली होती आणि ते ती फडक्याने पुसत होते. प्रत्येक पायरी, वरून आणि खालून. मानेवर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. आत्याला तो बघवेना.

"मास्तर, रोज धुता?"

"कलमात आहे ना. घरीही नेतो. रात्री कपाटावर ठेवतो, कुणाच्या तोंडात जायला नको म्हणून. बायको म्हणते, एवढी काळजी माझ्या साड्यांची घेतली नाहीत."

आत्या कट्ट्यावर बसली. म्हणाली, "मास्तर, तुमची माफी मागायला आले. परिपत्रकात शिट्टी लिहायची होती. शिडी छापलं गेलं. ते तपासायचं काम माझं होतं."

मास्तर पुसायचे थांबले. मग त्यांनी खिशात हात घातला आणि एक शिट्टी बाहेर काढली. जुनी, पितळी, दोरीला सतरा गाठी.

"ही माझ्याकडे बावीस वर्षं आहे," ते म्हणाले. "परिपत्रक आलं तेव्हा काढून ठेवली. म्हटलं, आता जमाना शिडीचा."

"पण तुम्हाला शंका नाही आली? एकदाही?"

"आली की. पण बाई, गेल्या वर्षी तुमचं परिपत्रक आलं, मुलांना एका जागी उभं राहून पळायला शिकवा. मैदान लहान असेल तर म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी आलं, पोहणं फळ्यावर शिकवा. आम्ही शिकवलं. मुलांना शंभरपैकी नव्वद गुण पडले, नदीत उतरायला एकही तयार नाही. तेव्हापासून आम्ही शंका घेत नाही. आलं की करून टाकतो. लवकर संपतं."

आत्याला ते तोंडात मारल्यासारखं झालं. ती दोन्ही परिपत्रकं तिला आठवत होती. दोन्हींत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. फळ्यावरच्या पोहण्यात 'श्वासोच्छ्वास' हा शब्द सहा वेळा होता आणि सहाही वेळा बरोबर होता, याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता.

"तुम्ही वाचता ना सगळं?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती.

"वाचते," आत्या म्हणाली. "पण उलटं."

मास्तरांनी यावर थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग बरोबर आहे."

परत येताना गाडीत साहेब खुशीत होते. शिडीचं पुढे काय काय करता येईल याबद्दल त्यांना तीन कल्पना सुचल्या होत्या. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

बैठकीला मंडळाचे नऊ सदस्य होते. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि शिडीचा अहवाल. साहेबांनी विषय मांडायला सुरुवात केली तोच आत्या मागच्या खुर्चीवरून उठली. कर्मचाऱ्यांनी बैठकीत बोलायचं नसतं. पण ती बोलली.

"ही चूक माझी आहे. सात पानं मी उलटी वाचली. शब्द पाहिले, वाक्य पाहिलं नाही. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण त्या मास्तरांच्या गळ्यातली शिडी आज उतरवा. त्यांच्या मानेला वळ पडलेत."

शिडी ही चूक होती हे सदस्यांना आत्ताच कळत होतं. एका वयस्क सदस्यांनी अहवाल मिटला आणि म्हणाले, "मला वाटलं, हे परदेशातून आलं असेल." दुसऱ्यांनी कबूल केलं की त्यांनी परिपत्रक वाचलंच नव्हतं, मिळाल्याची सही तेवढी केली होती. तिसऱ्यांनीही. असं करत करत टेबलाभोवती कबुलीची फेरी साहेबांपर्यंत आली. साहेबांनी पेल्यातलं पाणी संपवलं आणि म्हणाले, "माझं अक्षर वाईट आहे. लहानपणी वडीलही हेच म्हणायचे."

शिक्षा कुणाला करायची यावर एकमत होईना, कारण मग सगळ्यांनाच करावी लागली असती. तेव्हा नवीन परिपत्रक काढायचं ठरलं. क्रीडाशिक्षकांनी गळ्यात शिट्टी घालावी. शिडी शाळेत ठेवावी आणि छतावर चढायला वापरावी. वयस्क सदस्यांनी आत्याला विचारलं, "आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं, बाई?"

आत्याने याचा विचार गाडीतच करून ठेवला होता. "ज्याने लिहिलं त्याने माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचून दाखवायचं. पहिल्या शब्दापासून. मला कळलं तर सही."

ठराव झाला. दुसऱ्या दिवसापासून साहेब रोज दुपारी तीन वाजता तिसऱ्या मजल्यावर येऊन स्टुलावर बसायला लागले. आपलंच वाक्य मोठ्याने वाचताना त्यांना दम लागायचा. कधी अर्ध्यावर थांबायचे आणि विचारायचे, "बाई, याचा अर्थ काय?" आत्या म्हणायची, "ते तुम्ही सांगायचं." मग ते एक ओळ खोडायचे. कधी पान. एकदा बारा पानांचं परिपत्रक घेऊन आले आणि चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेले. आत्या म्हणते, त्या दिवशी ते जिना उतरताना शीळ घालत होते.

आमच्या दारावरच्या चिठ्ठीवर एका सकाळी लाल खुणा दिसल्या. 'दुध'चं 'दूध' झालं होतं, 'लीटर'चं 'लिटर', आणि बाजूला लिहिलेलं होतं, 'दोन कशाला? एक पुरे.' आतोबांनी ती चिठ्ठी बघितली आणि कुणी न सांगता दोन घड्याळं तेल घालून पुसून ठेवली.

पुढच्या वर्षभरात मंडळाची फक्त नऊ परिपत्रकं निघाली. आदल्या वर्षी दोनशे बारा निघाली होती. वर्षाअखेरीस एका शाळेचं पत्र आलं, तेही आत्याकडेच आलं, कारण त्याला काय उत्तर द्यावं हे कुणालाच कळेना. 'गेल्या तीन महिन्यांत आपल्याकडून एकही सूचना आलेली नाही,' त्यात लिहिलं होतं. 'शाळा व्यवस्थित चालू आहे, तरी काळजी वाटते. मंडळ चालू आहे ना?'

साहेबांनी उत्तर लिहिलं आणि स्टुलावर बसून वाचून दाखवलं. पहिला मसुदा दीड पानाचा होता. तिसऱ्या वाचनानंतर दोन वाक्यं उरली: 'मंडळ चालू आहे. तुमचंही चालू द्या.'

आत्याने सरळ वाचलं, उलटं वाचलं आणि सही केली.